स्तामेनाची रानलसूण

लिपोवात्स गावावरून डोंगरापलीकडे जाणाऱ्या रस्त्याचा अकरा किलोमीटरचा तुकडा चौतीस वर्षे तिहोमीरच्या हवाली होता. फावडे, घमेले, लांब दांड्याचा विळा आणि एक हातगाडी, एवढ्यावर त्याने तो सांभाळला. कडेच्या चऱ्या उपसायच्या, खड्डे बुजवायचे, हिवाळ्यात वळणांवर वाळू टाकायची आणि वसंतात दोन्ही कडांचे गवत कापायचे. पहिली तीन कामे तो मन लावून करी. चौथ्याला मात्र टाळाटाळ.

त्याला कारण होते. तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी बर्फ पुरते वितळायच्या आधीच पिवळी फुले चिखलातून डोके काढीत. पाचव्यापाशी निळ्या मण्यांचे घोस उभे राहत. सातव्यावरच्या मोरीखाली धोबी पक्ष्यांची जोडी दर वर्षी घरटे बांधी, आणि पिल्ले उडेपर्यंत तिहोमीर त्या मोरीचा गाळ काढत नसे. आठव्याच्या उतारावर मे महिन्यात आमरीची फुले येत, प्रत्येक फुलावर मधमाशी बसल्यासारखी दिसणारी. त्यांचे बी पडेपर्यंत तिथे विळा लागायचा नाही.

एकदा तपासणीला आलेला साहेब गाडीतून उतरला आणि गुडघाभर गवत पाहून म्हणाला, "तिहोमीर, सरकार तुला पगार रस्त्याचा देतं की कडेचा?"

"साहेब, कडा आहे म्हणून रस्ता कुठं संपतो ते कळतं," तिहोमीर म्हणाला.

साहेब हसला आणि गाडीत बसला. पुन्हा कधी त्याने विचारले नाही.

तिहोमीर पुस्तके वाचून हे शिकला नव्हता. नावे काही गावातली, काही त्याने स्वतः ठेवलेली. हळद्या कोणत्या दिवशी येतो, वेडे राघू नदीच्या कोणत्या दरडीत बिळे करतात, चंडोल उठतो तो कोणत्या शेतातून, हे त्याला पाठ होते. बाकी माणूस बुजरा. चार लोकांत बोलायची वेळ आली की टोपी हातात घेऊन फिरवत बसे. गुत्त्यात त्याचा जोडीदार ग्वोझदेन, शेजारच्या तुकड्यावरचा रस्तेकामगार, सगळ्यांसमोर म्हणायचा, "गाढव हरवलं तर तिहोला विचारू नका. समोरून गेलं तरी दिसलं नसेल. फुलपाखरू हरवलं असेल तर विचारा. कुठं बसलंय ते सांगेल." तिहोमीरही हसे. पण या एका बाबतीत त्याला अभिमान होता. माझी नजर चुकत नाही, असे तो मनात धरून होता.

त्याची बायको स्तामेना नजरेची नव्हती, नाकाची होती. सकाळचे दूध संध्याकाळी नासणार हे ती सकाळीच सांगे. पाहुणा अंगणात आला की कुठल्या गोठ्यातून आला हे ती पाठमोरी असताना ओळखायची. आणि एप्रिलमध्ये, गावावरच्या बीच वृक्षांच्या रानात रानलसूण उगवली की अर्धा गाव तिच्या हातची पाने खाई.

तिच्याच हातची, कारण त्या रानाच्या कडेला विषकेशरही उगवते. ते फुलते शरदात, तेव्हा त्याला पान नसते. पान येते वसंतात, तेव्हा त्याला फूल नसते. ते पान रानलसणीच्या पानासारखेच लांब, हिरवे, ओलसर. माणूस चुकतो तो इथे. रानलसणीला लसणाचा वास असतो आणि विषकेशराला कसलाच नसतो, एवढाच भरवशाचा फरक. दर दोनचार वर्षांनी खोऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून कुणाला तरी इस्पितळात न्यावे लागे. लिपोवात्समधून कधी नाही. नवी सून पानांकडे संशयाने बघू लागली की सासू म्हणायची, "स्तामेनाची आहे ना? मग घाल ताटात."

मागल्या वर्षीच्या हिवाळ्यात स्तामेनाला ताप आला. पंधरा दिवसांनी ताप उतरला आणि जाताना तिचे नाक घेऊन गेला. तिहोमीरला हे कळले ते एका दुपारी. तो सरपण घेऊन आत आला तर स्वयंपाकघरात धूर भरलेला, चुलीवरच्या मिरच्या कोळसा झालेल्या, आणि स्तामेना चुलीकडे पाठ करून दोन हातांच्या अंतरावर लोकर विंचरत बसलेली.

"स्तामेना, जळतंय."

"काय जळतंय?" तिने विचारले, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिला समजले. तिने लोकर खाली ठेवली. "किती दिवस झाले मला. वाटलं, येईल परत."

"डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टर काय नवं नाक देणार आहे? कुणाला सांगू नकोस, तिहो. स्तामेनाला वास येत नाही म्हटलं की माझ्या हातचं कोण खाईल?"

"दोब्रिलाला तरी सांगू." दोब्रिला त्यांची एकुलती एक मुलगी, निश शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला.

"तिला तर मुळीच नको. ती येईल, मला उचलून नेईल आणि इस्पितळाच्या रांगेत बसवेल. मला इथंच राहू दे."

एप्रिल आला तेव्हा टोपली घेऊन रानात तिहोमीर गेला. गावाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. तिहोमीर रानात जातो, हे शेंबडे पोरही सांगे. दोन वेळा त्याने पाने आणली. स्तामेनाने खिडकीशी टेबल ओढून, एकेक पान उजेडात धरून, देठ बघून निवडले. मग शेजाऱ्यांकडे जुड्या गेल्या.

तिसऱ्या वेळी तो दुपार टळून गेल्यावर परतला. स्तामेना दिवसभर बागेत कांद्याची रोपे लावत होती. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. ती उपास कडक पाळायची, त्यामुळे पोटात भाकरी आणि चहा यापलीकडे काही नव्हते. तिने टोपली ओढली तशी तो म्हणाला, "निवडलेली आहेत. मी काय आंधळा आहे का?"

तिने त्याच्याकडे बघितले, मग पाने धुतली, बटाट्यात घातली, आणि जेवली. तिहोमीर उपास धरत नसे. त्याने अंडी आणि चीज खाल्ले.

पहाटेपासून तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी ग्वोझदेनच्या पुतण्याने दोघांना गाडीत घालून निशला नेले. तरुण डॉक्टरने काय खाल्ले ते विचारले आणि मग विचारले, "पानं कुणी खुडली?"

दोब्रिला धावत आली होती आणि खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिहोमीरने तोंड उघडले. पण खाटेवरून स्तामेनाच बोलली.

"मी. मीच आणली."

"आई, तू? तुझी चूक कशी झाली?"

"वास येत नाही मला. हिवाळ्यापासून."

आणि तिने तिहोमीरकडे पाहिले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ही नजर त्याने शंभर वेळा पाहिली होती. घरात पाहुणे आहेत, गप्प बस, अशी नजर.

दुसऱ्या दिवशी दोब्रिला पाणी आणायला गेली तेव्हा स्तामेना त्याला म्हणाली, "ती तुला टाकून देईल रे. मी ओळखते तिला, माझीच आहे. मी तर चाललेच. तिला कुणीतरी राहू दे, आणि तुलाही."

"स्तामेना..."

"गप्प राहा. तुला कुठं बोलायची सवय आहे."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तो गप्प राहिला. सुरुवातीला तिचा शब्द पाळतो आहोत असे त्याला वाटे. चाळीसाव्या दिवसाचे श्राद्ध झाले, सहामाहीचे झाले, आणि गप्प राहणे अंगवळणी पडत गेले. अंगवळणी पडते आहे हेच त्याला रात्रंदिवस टोचू लागले.

कारण गावाने गोष्ट उचलली होती. गावात कुणी वाईट नव्हते. तिच्या दफनाला झाडून सगळे आले होते, बायका रडल्या होत्या. पण दुसऱ्या एप्रिलात कुणी पानांची जुडी आणली की दुसरी हसत म्हणे, "नीट बघ बाई, स्तामेनाची नकोत." दुकानात मीठ घ्यायला उभा असताना त्याने हे पहिल्यांदा ऐकले. बोलणारीने त्याला पाहिले आणि तिचा चेहरा पडला. "तसं नाही हो तिहोकाका," ती म्हणाली. तो "हं" म्हणाला आणि मीठ न घेताच घरी आला. चाळीस वर्षे ज्या नावावर लोकांनी बिनघोर घास घेतला, ते नाव आता असे झाले होते.

त्याहून वाईट होते ते दोब्रिलाचे. ती दर रविवारी फोन करी. बापाने काय खाल्ले, लाकडे आहेत का, औषध घेतले का, सगळे विचारी. आणि शेवटी गाडी तिथेच येई.

"मला एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? वास येत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण नाही. लोक काय म्हणतील. गर्वापायी मेली, बाबा. आपल्याला सोडून गेली ती गर्वापायी."

"असं बोलू नये, दोब्रो."

"मग काय बोलू? तिचा फोटो समोर ठेवते ना, तर मला रागच येतो. वर्ष होत आलं, मला अजून रडू आलेलं नाही. आई मेल्यावर रडू न येणारी मुलगी बघितलीस का तू कधी?"

तो फोन कानाला धरून उभा राही. एक वाक्य बोलले की मुलीला आई परत मिळणार होती, आणि त्याच वाक्याने त्याची मुलगी जाणार होती. बोलणे ओठापर्यंत येई आणि तो विचारी, "तिकडे थंडी कमी झाली का?"

त्या वसंतात तो घरातून विहिरीपर्यंत आणि विहिरीवरून घरात, एवढेच चालला. खाली मान घालून. अंगणातल्या आलुबुखाराला फुले आली, ती त्याला जमिनीवर पडलेल्या पाकळ्यांवरून कळली. एका सकाळी हुदहुद पक्षी कुंपणाच्या खांबावर येऊन तुरा उघडून ओरडू लागला. एरवी या पक्ष्यासाठी तो जेवणावरून उठला असता. त्याने घमेल्यावर पळी बडवून त्याला हाकलले.

वर्षाचे श्राद्ध शनिवारी होते. दोब्रिला आदल्या दिवशी बसने आली, पिशव्या भरून. तिने गहू उकडले, त्यात साखर आणि अक्रोड कुटून घातले, उपासाचा घेवडा रांधला, मासे तळले. कामाच्या धबडग्यात तिला आईच्या फडताळातला कुठलाच डबा शोधावा लागला नाही. हात आपोआप जात होते. तिहोमीर दारात उभा राहून बघत होता.

"बाबा, मध्ये उभा राहू नकोस. मेणबत्त्या मोज."

गावची स्मशानभूमी उतारावर आहे. तिथले गवत ईस्टरपर्यंत कुणी कापत नाही, त्यामुळे थडग्यांच्या मध्ये पिवळी, निळी, पांढरी फुले दाटलेली होती आणि नारिंगी टोकांची पांढरी फुलपाखरे एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जात होती. पाद्रीबाबांनी मंत्र म्हटले, दगडावर लाल वाइन ओतली, दुसऱ्या गावाला जायचे म्हणून ते घाईने निघून गेले. मग लोक लांब टेबलाभोवती बाकांवर बसले. वीसेक माणसे होती.

रीत अशी की दोब्रिलाने गव्हाचे ताट धरायचे, प्रत्येकाने एक चमचा घ्यायचा आणि खाण्याआधी म्हणायचे, "देव तिला क्षमा करो." सगळ्यांच्याच श्राद्धाला म्हणतात. तिहोमीरने हे वाक्य जन्मभर ऐकले होते, स्वतः म्हटले होते.

"देव तिला क्षमा करो," शेजारची रूझा आजी म्हणाली.

"देव तिला क्षमा करो," तिच्या पलीकडचा म्हणाला.

"देव तिला क्षमा करो." ग्वोझदेनने चमचा घेतला, घोटभर राकिया, फळांची दारू, जमिनीवर सांडली आणि उरलेली पिऊन टाकली. त्याचे डोळे भरले होते. "कसली बाई होती. माझ्या घरात तीस वर्षं तिची पानं खाल्ली. पण काय करणार, माणसाचं नाक गेलं की..."

"नाक गेलं ते गेलं," दोब्रिला ताट धरून म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तोंड होतं ना? तुम्ही सगळे म्हणताय देव क्षमा करो. देव करेल. मला जमत नाही."

ताट फिरत तिहोमीरपाशी आले. त्याने चमचा भरला, वर उचलला, आणि ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. चमच्यातले गहू टेबलावर सांडले.

"तिला कसली क्षमा," तो म्हणाला.

"काय म्हणालास, बाबा?"

"पानं मी खुडली."

ग्वोझदेन अर्धवट उठला. "तिहो, बस खाली. उपाशी पोटी प्यायलास."

"मी प्यायलेलो नाही. पानं मी खुडली. तिला वास येत नव्हता म्हणून ती गेलीच नव्हती रानात, सबंध महिना. मी जात होतो. ती निवडायला मागत होती, मी निवडू दिली नाहीत. म्हटलं, मी आंधळा आहे का." त्याला एवढे सलग बोलायची सवय नव्हती. त्याचा श्वास लागला. "इस्पितळात ती खोटं बोलली. माझ्यासाठी. आणि मी वर्षभर ते खोटं खाल्लं. तिनं गावाला कधी एक वाईट पान दिलं नाही. हे सगळ्यांनी ऐका."

रूझा आजीने डोक्यावरचा रुमाल नीट केला. "त्या दिवशी टोपली तुझ्या हातात बघितली होती मी," ती हळूच म्हणाली. "वाटलं, तिची वाहतोयस."

दोब्रिलाने ताट बाकावर ठेवले. हात पुसले. ती बापाकडे बघत नव्हती, त्याच्या हातांकडे बघत होती.

"कुठं?" तिने विचारले.

"काय?"

"कुठून खुडलीस? दाखव मला."

"आत्ता?"

"आत्ता."

ती दोघे वर निघाली. मागे कुणी आले नाही. वाट ओढ्याच्या काठाने जाते. वर्षभरात तिहोमीर या वाटेने आला नव्हता. त्याच्यावाचून रानाचे काही अडलेले दिसले नाही. ओढ्याकाठी पिवळ्याधमक फुलांच्या गाद्या पसरल्या होत्या. बीचची पाने नुकती उघडून दुमडल्याच्या खुणांसकट लोंबत होती, आणि त्यांच्यातून येणारा उजेड हिरवा झाला होता. कुठेतरी कुक्कू दोन सुरांत ओरडत होता, थांबत होता, पुन्हा ओरडत होता. दोब्रिला श्राद्धाच्या काळ्या बुटांनी चिखलातून चालत होती. लहानपणी ती या वाटेवर बापाला दर पावलाला "हे काय, ते काय" विचारायची. आज तिने काही विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही.

जिथे रान संपून ओलसर कुरण लागते, तिथे तो थांबला.

"इथं."

रानलसूण सावलीतून बाहेर कुरणापर्यंत आली होती, आणि कुरणातले विषकेशर सावलीपर्यंत आत गेले होते. हातभर पट्टा असा होता की दोन्ही एकमेकांत उभी होती. तो गुडघ्यावर बसला. एक पान खुडून तिला दिले. "ही लसूण. बघ, प्रत्येक पानाला स्वतःचा देठ. पान मऊ." मग दुसरे. "हे ते. देठ नाही. पानं एकाच म्यानातून निघतात, जाड असतात."

तिने दोन्ही पाने हातावर शेजारी शेजारी ठेवली. "म्हणजे दिसतं तर. वास नसला तरी दिसतं."

"दिसतं."

"मग तुला कसं दिसलं नाही? तुला?"

इथपर्यंतचे त्याने कबरीपाशी सांगून टाकले होते. हे सांगितले नव्हते. तो उठला नाही, तसाच गुडघ्यावर राहिला.

"मी बघत नव्हतो. त्या काटकीवर एक फुलपाखरू कोशातून बाहेर आलं होतं. ते पिवळं, कडेला काळ्या-लाल नागमोडी रेघा, सदऱ्याच्या बाहीवरच्या भरतकामासारख्या. ते उडताना मी दर वर्षी बघतो. कोशातून आल्यावर पंख चुरगळलेले असतात, ते सुकत सुकत उघडतात, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, दोब्रो. तासभर लागला. मी इथं बसून ते बघत होतो, आणि हात आपला खुडत होता."

दोब्रिलाने त्या काटकीकडे पाहिले.

"घरी गेल्यावर मी तिला तेच सांगत होतो. ती जेवत होती आणि मी सांगत होतो, पंख कसे उघडले. तिनं विचारलं, 'मग उडालं का?' मी म्हटलं, उडालं. ती म्हणाली, 'बरं झालं.' आणि तिनं आणखी वाढून घेतलं."

कुक्कू गप्प झाला होता. दोब्रिला त्या दोन पानांकडे बघत राहिली. मग तिने रानलसणीचे पान बोटांत चुरडले आणि हुंगले. दुसरे चुरडले आणि हुंगले. भुवया आक्रसून पुन्हा हुंगले.

"दोन्हीला येतोय वास."

"बोटांचा येतो तो. एकदा बोटांना लागला की सगळ्यालाच येतो. मीही मधून मधून हुंगत होतो. सगळीच लसूण वाटली."

"हो, म्हणून तर राख," ती म्हणाली. आणि मग तिने मान वर केली. "राख नव्हती नेलीस?"

"कसली राख?"

"चुलीतली. आई एप्रनच्या खिशात पुरचुंडी ठेवायची राखेची. दर मूठभर पानांनंतर बोटं राखेनं चोळायची, गवताला पुसायची, मग पुढचं पान. मी लहान असताना माझी बोटंही चोळायची, मला कंटाळा यायचा. बाबा, तू चाळीस वर्षं तिच्याबरोबर या रानात येतोस. तुला राख माहीत नाही?"

तो आठवू लागला. तिच्याबरोबर तो आला होता, कितीदा तरी. ती खाली वाकलेली असायची आणि तो वर, हळद्या कुठल्या फांदीवर बोलतो ते शोधत. तिचा निळा एप्रन त्याला आठवला, पाठ आठवली. हात आठवेनात.

"आणि ती तुला सांगितल्याशिवाय पाठवणार नाही," दोब्रिला म्हणाली. "शक्यच नाही. मिठाची चिमूटसुद्धा ती तीनदा सांगायची. तिनं तुला काही सांगितलं नाही?"

"दारात काहीतरी म्हणाली होती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी. टोपली हातात देताना. त्याच दिवशी तारेवर भिंगरी पाखरं आली होती, सात. मी मोजत होतो."

"काय म्हणाली?"

त्याने डोळे मिटले. दार दिसले, टोपली दिसली, तारेवरच्या सात भिंगऱ्या दिसल्या, त्यातल्या एकीची शेपटी तुटकी होती तेसुद्धा. स्तामेनाचे ओठ हलत होते.

"मला माहीत नाही. मी 'हो' म्हणालो."

दोब्रिला गवतात खाली बसली, काळ्या कपड्यांनिशी, ओल्यात. तिने चुरडलेली पाने खाली टाकली आणि तोंडावर हात घेतले, आणि हातांना तो वास होता म्हणून की कशाने, तिला एकदम हुंदका फुटला. "आई," ती म्हणाली. "आई ग." लहान मूल रडते तशी ती मोठ्याने रडू लागली. वर्षभराचे सगळे एकदम आले.

तिहोमीर दोन पावलांवर होता. जवळ जावे की नाही हे त्याला कळेना. एकदा त्याने हात पुढे केला. तिने न बघताच मान हलवली, तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि तो तिथेच, पट्ट्याच्या अलीकडे, उभा राहिला.

बऱ्याच वेळाने ती उठली. नाक पुसले, परकराला लागलेले गवत झटकले.

"पाचची बस आहे ना अजून?"

"आहे. घरी तुझ्या पिशव्या..."

"घेते मी. घेवडा उरलाय तो खा, फेकू नकोस." ती चार पावले खाली गेली आणि थांबली, पण वळली नाही. "आईकडे मी येईन. तिच्या कबरीवर. श्राद्धाच्या सगळ्या दिवसांना येईन. फोन मात्र तू करू नकोस. मला वाटलं तर मी करेन."

"बरं."

"आता माझ्याबरोबर येऊ नकोस. मागून ये."

तो मागे राहिला. ती ओढ्याच्या वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली. तिहोमीर एका पडलेल्या खोडावर बसला. ऊन कुरणावरून सरकत वर चालले होते आणि गवतावर फुलपाखरे उतरत होती, पिवळी, पांढरी. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली रस्त्याकडे कान लावला. दुसऱ्या किलोमीटरच्या वळणावर बस नेहमी भोंगा वाजवते. तो वाजला. मग बराच वेळ चढावर इंजिनाची घरघर येत राहिली, आणि ती थांबल्यावर तो उठला.